उदरभित्तीची दुरुस्ती : दुर्बिणीआधीचे प्रश्न

पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून हळूहळू वर येणारा, प्रारंभी केवळ खोकताना दिसणारा आणि दोन-चार वर्षांत लुगड्याच्या निऱ्यांखाली किंवा सैल सदऱ्याखालीही लपेनासा होणारा हर्निया दुरुस्त करून घेण्याची वेळ येते, तेव्हा रुग्ण आणि त्याचे नातलग शल्यचिकित्सकापुढे बसून जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुतकरून असा असतो : "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीने होईल ना?" प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याचे पोट एकदा उभे चिरले गेले आहे त्याला ते पुन्हा चिरून घेण्याची धास्ती वाटावी यात नवल नाही. परंतु लहान छिद्रे की मोठा छेद, या निवडीचा संबंध मुख्यतः जखमेच्या त्रासाशी आणि इस्पितळातील मुक्कामाशी असतो. उलट जाळी उदरभित्तीच्या कोणत्या थरात बसविली आणि दोहों बाजूंस पांगलेले स्नायू पुन्हा मध्यरेषेवर आणले गेले की नाही, यांवर पुढील कित्येक वर्षांचे सुखदुःख अवलंबून असते. म्हणून हे दोन प्रश्न आधी, आणि दुर्बिणीचा प्रश्न त्यानंतर, असा क्रम वाचकांनी मनाशी धरावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम रचना समजून घेतली पाहिजे, कारण ती समजल्याखेरीज शस्त्रक्रियांच्या नावांचा नुसता गलबला ऐकू येतो. पोटाच्या मध्यभागी, बरगड्यांपासून जघनास्थीपर्यंत, दोन सरळ स्नायू उभे उतरलेले असतात. दोन्ही कुशींस एकाखाली एक असे तीन पसरट स्नायू असतात, त्यांतला सर्वांत बाहेरचा तिरकस, मधला उलट दिशेने तिरकस आणि सर्वांत खोल तो आडवा. या तिन्ही स्नायूंची चिवट, पांढरी पटले सरळ स्नायूंना पुढून आणि मागून म्यान घालतात, व ती म्याने मध्यरेषेवर परस्परांत गुंफली जाऊन जी पांढरी रेषा तयार होते तिच्यावर साऱ्या पोटाचा ताण तोललेला असतो. उभ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत हीच रेषा उघडली जाते. ती नीट सांधली गेली नाही, जखमेत पू झाला, रुग्ण दीर्घकाळ खोकत राहिला किंवा देह फार स्थूल असला, म्हणजे तिची वीण उसवते. कुशीचे तिन्ही स्नायू आपापल्या बाजूस ओढ घेतात, मध्यभागी त्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही, आणि वर्षानुवर्षे आखडलेल्या अवस्थेत राहिल्याने ते तोकडे व ताठर होतात. मोठ्या हर्नियात जे भोक दिसते ते या साऱ्या बिघाडाचे केवळ एक दृश्य अंग होय. नुसते भोक बुजवून पाठ, कंबर आणि श्वास यांच्या तक्रारी जात नाहीत, त्याचे कारण हेच.

तपासणी साधी आहे, आणि ती काळजीपूर्वक केली जाते की नाही, यावरून चिकित्सकाची पारख होऊ शकते. रुग्णाला उताणे झोपवून, हातांचा आधार न घेता मान व खांदे उचलावयास सांगितले म्हणजे फुगवटा वर येतो आणि त्याच्या दोन्ही कडा बोटांना टणक लागतात. मग रुग्ण सैल पडला की त्याच कडांमध्ये किती बोटे आडवी मावतात ते पाहावयाचे, आणि जुन्या व्रणाची सबंध लांबी चाचपून दुसरे एखादे लहान भोक दडले आहे काय याचाही शोध घ्यावयाचा. मोठ्या हर्नियात यावर सीटी स्कॅनची जोड हवी. युरोपीय हर्निया संस्थेने २००९ मध्ये ठरविलेल्या वर्गवारीनुसार व्रणातील हर्नियाची रुंदी ४ सेंटिमीटरपेक्षा कमी, ४ ते १० आणि १० किंवा त्याहून अधिक अशा तीन इयत्तांत मोजली जाते. फुगवटा बाहेरून केवढा दिसतो याला त्यामानाने महत्त्व कमी. दोन कडांमधील आडवे अंतर हाच खरा हिशेब. त्याच चित्रावर दोन्ही सरळ स्नायूंची रुंदी मोजून तिची बेरीज भोकाच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक भरली, तर बाजूचे स्नायू मोकळे न करता मध्यरेषा जुळण्याचा संभव पुष्कळ असतो. ती कमी भरली, तर अधिकची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. सबब, आपल्या हर्नियाची रुंदी किती सेंटिमीटर आहे, हे रुग्णाने विचारून घ्यावे व टिपून ठेवावे. दुसऱ्या चिकित्सकाचे मत घेताना हा एक आकडा फार कामास येतो.

शस्त्रक्रिया प्रत्येकाने तातडीने करून घ्यावी असेही नाही. रुंद तोंडाच्या हर्नियापेक्षा अरुंद तोंडाच्या हर्नियात आतडे अडकण्याची भीती अधिक असते, आणि फारशी तक्रार नसलेल्या वृद्ध वा हृदयविकारी माणसाने जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली थांबून राहणे हा सर्वस्वी सन्मान्य मार्ग आहे. परंतु एरव्ही आत जाणारा फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, वरची कातडी लाल किंवा काळसर दिसू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि वायू सरणे थांबले, तर मग विचारविनिमयाची मुदत संपली असे समजून त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

आता तुलनेकडे वळू. केवळ टाक्यांनी कडा ओढून शिवणे, हा सर्वांत जुना मार्ग. मोठ्या हर्नियापुरता तो जवळजवळ निकालात निघाला आहे, आणि तो निकाल भावनेवर नव्हे, पुराव्यावर झालेला आहे. नेदरलँड्समधील शल्यचिकित्सकांनी ६ सेंटिमीटरपर्यंतच्या हर्नियांची टाके आणि जाळी अशी सरळ तुलना करून २००० मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांनी पुन्हा हर्निया होण्याचे प्रमाण टाक्यांच्या गटात ४३ टक्के, तर जाळीच्या गटात २४ टक्के निघाले; त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला, तेव्हा हे आकडे अनुक्रमे ६३ आणि ३२ झाले होते. तज्ज्ञ हातांनी जाळी बसवूनही सुमारे तिसऱ्या हिश्शाला हर्निया परत यावा, हे वाचून जो वाचक थबकेल त्याने योग्य जागी थबकले असे मी म्हणेन, कारण पुढील साऱ्या पद्धतींचा जन्म याच अस्वस्थतेतून झाला आहे. ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकच्या जाळीचा उपयोग रूढ करावयास आरंभ केला, त्यापासून जाळी हवी की नको हा वाद हळूहळू मागे पडला. जाळी कोठे, हा वाद मात्र उरला.

जाळीच्या चार जागा आहेत. म्यानाच्या वर, कातडीखालच्या चरबीत ती ठेवणे सर्वांत सोपे. पण त्यासाठी कातडी दूरवर सोडवावी लागते, तेथे पाणी साठते, आणि जखमेत पू झाला तर तो थेट जाळीला भिडतो. भोकाच्या कडांना जाळी शिवून मधला भाग तसाच सोडणे, म्हणजे केवळ पूल बांधणे, ही सर्वांत दुबळी रीत. जाळी जेथे कडेला शिवलेली असते तेथूनच ती सुटते. तिसरी जागा पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या समोर, उदरावरणाच्या आतल्या बाजूस. चौथी जागा सरळ स्नायूंच्या मागे आणि मागच्या म्यानाच्या पुढे. प्रस्तुत लेखकाचे मत या चौथ्या जागेच्या बाजूचे आहे, हे वाचकाला पुढे कळेलच, तेव्हा आधीच सांगून टाकलेले बरे.

या चौथ्या जागेची पद्धत फ्रान्समधील जाँ रीव्ह आणि रने स्तोपा या दोघांच्या नावाने ओळखली जाते. जुना व्रण काढून, चिकटलेली आतडी सावकाश सोडवून झाल्यावर सरळ स्नायूच्या आतल्या कडेपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर अंतरावर मागचे म्यान उभे उघडतात. आत लालसर स्नायूचे तंतू दिसले म्हणजे वाट बरोबर सापडली असे समजावयाचे. मग स्नायू वर आणि म्यान खाली ठेवून, मधली विरळ जागा बोटाने व कापसाच्या बोळ्याने अलगद मोकळी करीत स्नायूच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातात, आणि तेथे थांबतात. कारण त्या कडेला बरगड्यांच्या खालून आलेल्या बारीक मज्जातंतूंच्या व रक्तवाहिन्यांच्या जोड्या स्नायूत शिरत असतात, व त्या तुटल्या तर दुरुस्त केलेला स्नायूच निकामी होऊन पोट पुन्हा फुगते. दोन्ही बाजूंची मागची म्याने परस्परांस शिवून आतड्यांवर पडदा घालावयाचा, त्यावर जाळी पसरावयाची, आणि पुढच्या बाजूने स्नायू व म्यान मध्यरेषेवर जुळवावयाचे. कोटाच्या दोन कापडांमध्ये कॅनव्हासचे अस्तर बसावे तशी ही जाळी बसते : आतून पोटाचा दाब तिला स्नायूवर दाबून धरतो, दोन्ही अंगांनी रक्तपुरवठा असलेल्या ऊती तिच्यात वाढतात, आतडे तिला शिवत नाही, आणि वरच्या कातडीत थोडाफार दोष झाला तरी तिला आच लागत नाही. कोटाच्या अस्तरासारखीच तिला मर्यादाही आहे. ती कापडाहून रुंद होऊ शकत नाही. सरळ स्नायू जेवढा रुंद तेवढीच जागा मिळते. साधारणतः १० सेंटिमीटरच्या आतील हर्नियाला ही पद्धत पुरते, त्यापुढे बहुधा नाही.

मग कुशीच्या स्नायूंना हात घालावा लागतो. ऑस्कर रामिरेझ यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत सर्वांत बाहेरच्या तिरकस स्नायूचे पटल, सरळ स्नायूच्या बाहेरील कडेपासून किंचित दूर, बरगड्यांपासून जांघेपर्यंत उभे कापतात. त्यायोगे उरलेली भित्त आत सरकते, ती नाभीच्या पातळीवर एका बाजूला सुमारे १० सेंटिमीटर, वरच्या पोटात ५ आणि खालच्या पोटात ३. हे आकडे त्यांनीच दिलेले असून प्रत्यक्षात आखडलेला, व्रणांनी भरलेला स्नायू तितकी उदारता दाखवीत नाही. या पद्धतीचा खरा दोष मात्र कातडीचा आहे. तिरकस स्नायूपर्यंत पोहोचण्यासाठी कातडी व चरबी दूरवर उचलावी लागते, नाभीच्या आजूबाजूने कातडीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या त्या भरात तुटतात, आणि मध्यरेषेची कातडी काळी पडणे, टाके उसवणे, पाणी साठणे हे प्रकार स्थूल व मधुमेही रुग्णांत वारंवार घडतात. वाहिन्या राखून तेच काम करण्याच्या सुधारित रीती निघाल्या आहेत. त्या जाणणारा हात असेल तर हरकत नाही.

उलट बाजूने जाण्याची युक्ती युरी नोवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ती रीव्ह-स्तोपा पद्धतीचीच पुढची पायरी होय. सरळ स्नायूच्या मागची जागा मोकळी करून झाल्यावर, मज्जातंतूंच्या जोड्यांच्या आतल्या बाजूने मागचे म्यान उघडून, सर्वांत खोल असा आडवा स्नायू तेवढा कापतात, आणि त्याच्याखाली उदरावरणालगत शिरून कमरेच्या स्नायूपर्यंत वाट काढतात. तेथे एवढी मोठी जाळी मावते की भोकाच्या चारी अंगांस तिचा विस्तार भरपूर राहतो. कातडी उचलावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु या शस्त्रक्रियेला जी लोकप्रियता गेल्या दशकात लाभली आहे तिच्याविषयी मला थोडी साशंकता वाटते, कारण अंतराची चूक येथे फार महाग पडते. मज्जातंतूंच्या आत कापावयाचे ते बाहेर कापले, आणि सरळ स्नायूची बाहेरची कड, जिला चंद्रकोर रेषा म्हणतात, तीच तुटली, तर मध्यावरचा हर्निया जाऊन कुशीचा नवा हर्निया निर्माण होतो, व तो दुरुस्त करणे मूळच्याहून बिकट असते. याच कारणाने एकाच बाजूचे बाहेरचे व आतले असे दोन्ही स्नायू कापू नयेत, असा दंडक आहे. सबब, ज्याला या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल त्याने संकोच न धरता विचारावे : ही शस्त्रक्रिया आपण नियमितपणे करता काय, आणि माझ्या हर्नियाला ती आवश्यकच आहे की साध्या पद्धतीने मध्यरेषा जुळेल?

आता दुर्बीण. कार्ल लेब्लांक यांनी १९९३ मध्ये दुर्बिणीने पोटाच्या आतून जाळी बसविण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. जखम लहान, पू होण्याचे प्रमाण कमी, रुग्ण लवकर घरी जातो, हे तिन्ही फायदे खरे आहेत आणि मध्यम आकाराच्या हर्नियात, विशेषतः स्थूल रुग्णात, त्यांचे मोल मोठे आहे. पण मूळ पद्धतीत भोक तसेच ठेवून त्याखाली जाळी ठोकली जात असे. रुंद भोकात ती जाळी पुढे फुगते आणि स्नायूंची गेलेली मध्यरेषा परत येत नाही. पुढे भोक शिवून मग जाळी लावण्याची सुधारणा झाली. तरीही जाळी आतड्यांसमोर राहते ती राहतेच. तिला महागडे आवरण लावावे लागते, आणि पुढे कधी दुसऱ्या कारणाने पोट उघडावे लागले तर चिकटलेली आतडी सोडविणाऱ्याचा कस लागतो. या दोषांवर उपाय म्हणून दुर्बिणीनेच सरळ स्नायूंच्या मागे शिरून तेथे जाळी पसरण्याची कला अलीकडे विकसित झाली आहे. म्हणजे लहान छेद आणि चौथी जागा यांचा संयोग. आपल्याकडील मोठ्या शहरांत ती होते. रोबोने तेच टाके अधिक सुलभतेने घालता येतात, हे कबूल. खर्च वाढतो, हेही तितकेच कबूल. हर्निया परत येण्याचे प्रमाण केवळ यंत्रामुळे घटते, असे मात्र कोणी सांगू लागल्यास पुरावा मागावा. १० सेंटिमीटरहून रुंद, पूर्वी जाळी बसविलेला किंवा कातडी पातळ होऊन व्रणाळलेला हर्निया बहुतेक ठिकाणी आजही उघड्या शस्त्रक्रियेचाच धनी आहे.

काही हर्निया इतके वाढलेले असतात की पोटातील ऐवजाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग कायमचा बाहेर मुक्कामाला आलेला असतो, आणि आतली पोकळी तेवढी आकसलेली असते. तो सारा ऐवज एकाएकी आत कोंबला तर श्वासपटल वर ढकलले जाते, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा मंदावतो आणि प्राणावर बेतू शकते. भूलतज्ज्ञ पोट बंद होताना श्वासयंत्रावरील दाबाकडे डोळे लावून बसलेला असतो तो यासाठी. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे कुशीच्या स्नायूंत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने सोनोग्राफीच्या साहाय्याने देतात, म्हणजे ताठर स्नायू सैल पडून लांबतात. दुसरा उपाय अर्जेंटिनाच्या इव्हान गोन्यी मोरेनो यांनी १९४० च्या दशकात मांडला : पोटात दररोज थोडी थोडी हवा भरून पोकळीला हळूहळू सवय लावावयाची. दोन्ही उपाय सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयांतच करावेत.

शस्त्रक्रियेची पद्धत कोणतीही ठरो, रुग्णाच्या अखत्यारीतील गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांत तंबाखूचा क्रमांक पहिला. विडी-सिगारेट ओढता काय, असे विचारले की आपल्या ग्रामीण भागातील पुष्कळ स्त्रिया ठामपणे नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावता काय, हे कोणी विचारीत नाही व त्याही सांगत नाहीत, कारण मिश्री म्हणजे तंबाखू अशी त्यांची समजूतच नसते. निकोटीन विडीतून जावो की मिश्रीतून, रक्तवाहिन्या आकुंचित करून जखमेचा रक्तपुरवठा ते तितकेच तोडते. किमान चार आठवडे आधी ते पूर्ण बंद व्हावे. मधुमेह्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी करून ती ८ टक्क्यांच्या खाली आणल्याखेरीज, तातडी नसेल तर, मुहूर्त धरू नये. वजनाविषयी चिकित्सकाने मुदत मागितली तर ती चालढकल समजू नये. ज्याला थांबणे परवडते अशा रुग्णावर लगेच शस्त्र चालविणारा चिकित्सक अधिक तत्पर असतो असे नव्हे.

जाळी कोणती, या प्रश्नावर बाजारात जितका आवाज आहे तितका फरक नाही. स्नायूंच्या मागे बसवावयाची असेल तर साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी पुरते. जनावरांच्या ऊतींपासून केलेल्या अतिमहाग जैविक जाळ्या दूषित जखमेत सुरक्षित ठरतील अशी आशा होती. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तुलनेत, दूषित जखमांतच, दोन वर्षांनी हर्निया परत येण्याचे प्रमाण जैविक जाळीत २०.५ टक्के आणि साध्या जाळीत ५.६ टक्के निघाले. किंमत आणि गुण यांची अशी फारकत पाहिली की धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्यांनी ते जांघेच्या हर्नियासाठी वापरले, आणि पुढे युगांडात झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तशा स्वस्त जाळीचा वर्षाअखेरचा निकाल महागड्या जाळीच्या तोडीस तोड आला. मात्र हा पुरावा जांघेपुरता आहे, पोटावरच्या मोठ्या हर्नियाला तो जसाच्या तसा लावू नये. जाळी निर्दोष असते, असेही नव्हे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१६ मध्ये दाखविण्यात आले की पाच वर्षांत जाळीमुळे उद्भवलेल्या मोठ्या उपद्रवांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ५.६ टक्के व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ३.७ टक्के होते. म्हणजे हर्निया परत येणे टळल्याचा जो लाभ झाला, त्याचा काही अंश अशा उपद्रवांत खर्ची पडला.

शस्त्रक्रियेनंतर स्नायूंच्या मागे व कातडीखाली घातलेल्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या डब्या काही दिवस राहतात. त्यांत रोज किती पाणी जमते हे घरच्या माणसाने वेळ घालून लिहून ठेवावे, कारण नळी काढण्याचा निर्णय त्या टिपणावर होतो. खोकला आला की दोन्ही हातांनी उशी पोटाशी धरावी. पोटाचा पट्टा आधार देतो, वेदना कमी करतो. हर्निया परत येणे त्याने टळते अशी हमी कोणी देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून चालावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, आणि पाण्याची घागर, धान्याचे पोते, अंगावर घ्यावयाचे मूल यांविषयी किती मुदतीची मनाई आहे ते चिकित्सकाकडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. "जड उचलू नका" एवढ्याने शेतकऱ्याच्या किंवा सुनेच्या घरी काहीच ठरत नाही.

घरी जाताना जे कागद मिळतात त्यांत शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल आहे की नाही हे दाखल्याच्या खिडकीवरच पाहावे. भोकाची मोजलेली रुंदी, जाळीचे नाव व आकार, ती कोणत्या थरात आहे, कोणता स्नायू कापला व कोणत्या बाजूचा, मध्यरेषा पूर्ण जुळली की नाही, एवढ्या गोष्टी त्यात असाव्यात. जाळीच्या खोक्यावरील चिठ्ठी बहुधा अहवालाला चिकटविलेली असते, नसल्यास मागून घ्यावी. त्याची एक प्रत घरच्या दप्तरात आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी. पुढे पित्ताशयासाठी, बाळंतपणासाठी किंवा आतड्याच्या अडथळ्यासाठी कोणा अनोळखी शल्यचिकित्सकाला हेच पोट उघडावे लागले, तर पहिला छेद कोठून घ्यावा हे त्याला त्या कागदावरून ठरविता येईल.